बाई, रविवारचा फोन आता मी करतो

आदरणीय बाई,
शिरसाष्टांग नमस्कार.

३१ मेला तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं आणि दोन वाक्यांतच माझा घसा दाटून आला. उन्हाळी सुट्टी असूनही अख्खी वस्ती शाळेपुढे जमली होती. शाल झाली, श्रीफळ झालं, जेवणं झाली, मला जे सांगायचं होतं ते मात्र राहून गेलं. ते आज लिहितोय. उघडपणे लिहितोय, कारण माझ्यासारखी कितीतरी पोरं-पोरी शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला मानधनावर, नव्याने शाळांवर रुजू होतात. त्यांना तुमच्यासारखं कुणी भेटेलच असं नाही. निदान तुम्ही मला काय दिलंत हे त्यांच्या कानावर जावं.

मी तुमच्यापर्यंत कसा पोहोचलो ते तुम्ही जाणता. माझं डी.एड. २०१३ साली पूर्ण झालं, तोवर भरती बंद पडली होती. त्याच डिसेंबरात राज्यातली पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली. १५० पैकी ९० हवे होते, मी थोडक्यात हुकलो. पुढच्या वर्षी पास झालो. मग शिक्षक भरतीसाठीची २०१७ ची अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची. त्यात नंबर लागला नाही. पुन्हा २०२३ ला बसलो आणि मार्च २०२४ मध्ये नेमणुकीचा आदेश हातात पडला. मधली दहा वर्षं दिवसा खताच्या दुकानात हिशेब लिहिले आणि संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. बालमानसशास्त्राचे प्रश्न इतक्या वेळा सोडवले होते की पियाजेच्या अवस्था झोपेतही सांगितल्या असत्या. बालाघाटाच्या डोंगरातल्या आपल्या द्विशिक्षकी शाळेत पहिल्या दिवशी पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्यापुढे बसला, तेव्हा यातलं काहीही हाताशी आलं नाही. पहिलीला शिकवावं तर दुसरी दंगा करायची, दुसरीकडे वळलो की पहिलीतलं एखादं लेकरू उठून थेट घरी जायचं.

तुम्ही आठवडाभर काहीच बोलला नाहीत. मध्येच येऊन माझ्या वर्गात मागे बसायचात, तिसरी-चौथीला काम लावून. मला वाटायचं, माझी तपासणी चाललीय.

मग तो दिवस आला. दुसरीतलं एक लेकरू धडा घडाघडा वाचत होतं आणि मी तुमच्याकडे कौतुकाने पाहिलं. तुम्ही उठून त्याच्याजवळ खाली बसलात, पानावरचं चित्र तळहाताने झाकलंत आणि शेवटच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलंत. "हे काय रं, राजा?" तो गप्प झाला. तुम्ही दुसरा शब्द दाखवलात, तिसरा दाखवलात. त्याला एकही येईना. सगळा धडा त्याला पाठ होता, अक्षर मात्र ओळखीचं नव्हतं. मला घाम फुटला. तुम्ही ना त्याला रागावलात ना मला. फळ्याकडे जाऊन खडूने तीन शब्द लिहिलेत: वाढं, चिपाड, कोयता. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, बैलांचा चारा. ते त्याने ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर चार महिने डोळ्यांनी पाहिलेलं. 'वा' वर तो अडखळला, 'ढं' वर थांबला, मग एकदम मान वर करून ओरडला, "वाढं!" त्याचा तो चेहरा मी विसरणार नाही. मी दुपारी तुम्हाला विचारलं, पुस्तकात तर 'वाढे' लिहितात, मग? तुम्ही म्हणालात, "लेकराच्या तोंडात जसा शब्द आहे तसा आधी त्याला कागदावर दिसू द्या. पुस्तकातली भाषा मागून येते, आणि ती येतेच." डी.एड.च्या दोन वर्षांत 'मातृभाषेतून शिक्षण' यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्याचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

तेव्हापासून कुठलंही लेकरू वाचायला लागलं की मी आधी चित्रावर हात ठेवतो.

तुम्ही शिकवलेली दुसरी गोष्ट वर्गातली नव्हती. दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक लेकराची नोंदवही. नव्या प्रवेशांच्या नोंदी करायला तुम्ही मला बसवलंत आणि आधी कच्च्या कागदावर प्रत्येकाची जन्मतारीख अक्षरी लिहून घेतलीत. मला ते जास्तीचं काम वाटलं. तेव्हा तुम्ही कपाटातून जुनं रजिस्टर काढून एका आजोबांची नोंद दाखवलीत. आडनावातली एक वेलांटी चुकलेली, आणि त्यापायी त्यांच्या नातवाचं जातपडताळणीचं प्रकरण दोन वर्षं अडकलेलं. "आपण इथं जे लिहितो ते माणसाला मरेपर्यंत पुरतं," असं म्हणून तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत. आजही नोंद करताना माझा हात आपोआप सावकाश चालतो.

एका बाबतीत आपलं पटलं नाही, तेही इथे लिहितो. ऑनलाइन माहित्या, यू-डायस या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, आधारची जुळणी, लिंक उघडत नाही म्हणून टेकडीवर जाऊन रेंज शोधणं, हे सगळं तुम्ही शाळा सुटल्यावर तक्रार न करता उरकायचात. मला ते अजूनही पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडे अशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. रुजू होऊन दोन महिने होतात न होतात तोच मी लोकसभेच्या निवडणुकीच्या ड्यूटीवर होतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक मोबाइलवर माहिती भरत बसला की निम्मी शाळा उघडी पडते. तुम्ही तो भार लेकरांच्या वेळेवर पडू दिला नाहीत, स्वतःच्या संध्याकाळवर घेतलात. ते तुमचं मोठेपण आहे. तरी तुमच्या त्या संध्याकाळी तुमच्याच राहायला हव्या होत्या, असं मला वाटतं.

पैशांचं सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. शिक्षण सेवकाला महिना १६,००० रुपये मानधन. पगार निघायला लागणारी माझी शालार्थ आयडी वेळेत झाली नाही आणि पहिले चार महिने हातात एक रुपया आला नाही. खोलीचं भाडं थकलं. घरी सांगायची सोय नव्हती, वडिलांनी आधीच गावभर पेढे वाटले होते. मी तुम्हाला एका शब्दाने बोललो नाही. तरी एका शनिवारी ज्वारीची पायली माझ्या गाडीला अडकवलेली होती. पुढच्या शनिवारी डाळ. किराणा दुकानदाराने वही पुढे करून म्हटलं, "सर, पैशाचं नंतर बघू, बाईंनी सांगितलंय." बाई, त्या चार महिन्यांत मी राजीनामा देऊन परत खताच्या दुकानात जायचा विचार दोनदा केला होता. तुम्हाला हे कधीच सांगितलं नव्हतं.

आणि आता दसऱ्याआधीच्या त्या संध्याकाळी. ऊसतोडीच्या टोळ्या हलायच्या आधी, टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या प्रत्येक घरी आपण जायचो. पहिल्या घरी मीच सुरुवात केली, शिक्षणाचा हक्क, सहा ते चौदा वयोगट. घरातली माणसं माना खाली घालून ऐकत राहिली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "सर, पहिल्या भेटीत कायद्याचं नाव काढायचं नाही. त्यांना आधीच वाटतं की आपण गुन्हेगार आहोत." दुसऱ्या घरी तुम्ही चुलीपाशी बसलात आणि आजीला गुडघ्यांचं विचारलंत. मग पाणी कोण भरतं, रात्री सोबतीला कोण असतं, धाकट्याला कोण सांभाळणार. अर्धा तास शाळेचा विषयच निघाला नाही. निघाला तेव्हा आजीच म्हणाली, "नातू ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ. पर सांजच्याला भाकर थापायला हात चालत न्हाईत." त्यावर तुम्ही हंगामी वसतिगृहाचं सांगितलंत. दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीकडून, झोपायला आजीजवळ. पोरगं राहिलं. त्या वर्षी अशी अकरा लेकरं मागे राहिली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या कोयत्यामागे धाकट्याला काखेत घेऊन बसणारी एक नऊ वर्षांची पोरगीही असते, हे मला तुमच्याबरोबर फिरताना दिसलं.

त्या पोरीला आपण थांबवू शकलो नाही. तिसरीत होती. आजी नव्हती, आणि धाकटा भाऊ अंगावर पिणारा. टोळीच्या ट्रकपाशी तुम्ही तिच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलंत, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिलीत, आणि तिच्या बापाकडून मुकादमाचा नंबर लिहून घेतलात. मला वाटलं, हे सगळं मनाच्या समाधानासाठी. त्या रविवारी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावर फोन लावलात. मुकादमाने कुरकुरत फोन त्यांच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, नेऊन दिला. पलीकडे जेवणाची भांडी वाजत होती, पोर रडत होतं, आणि त्यातून ती दोन पानं वाचत होती. तुम्ही मध्ये एकदाही टोकलं नाहीत. वाचून झाल्यावर एवढंच विचारलंत, "आज काय काय पाहिलंस?" तसे सगळे रविवार, एप्रिलपर्यंत. ती परत आली ती थेट आपल्या वर्गातल्या जागेवर बसली. जोडाक्षरं थोडी कच्ची राहिली होती, बाकी वाचन सुटलं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी तुम्ही मला चाव्या दिल्यात, पोषण आहाराचं चव रजिस्टर दिलंत, तांदळाचा साठा मोजून दिलात. सगळ्यात शेवटी पर्समधून एक छोटी वही काढून दिलीत, काही बोलला नाहीत. घरी जाऊन उघडली तर मुकादमांचे नंबर, आणि प्रत्येकापुढे लेकरांची नावं आणि कोणाला कुठली पानं वाचायला दिली त्याच्या तारखा.

यंदा चार लेकरं बाहेर आहेत. ती पोरगी आता चौथीत आहे, याही वर्षी जावं लागलं. भाऊ चालायला लागलाय, तरी तिच्याशिवाय त्याला सांभाळायला कोणी नाही. आज संध्याकाळी फोन लावला. मुकादम दुसरा आहे, पण नंबर वहीत मिळाला, तुम्ही तो मे महिन्यातच विचारून ठेवलेला. तिने दोन पानं वाचली, 'ज्ञ' वर अडली, मग सावरली. मी मध्ये बोललो नाही. वाचून झाल्यावर विचारलं, आज काय पाहिलंस? म्हणाली, फडात सशाची दोन पिल्लं सापडली, बापानं सोडून दिली. मग म्हणाली, "सर, बाईला सांगा मी वाचतेय."

तेवढं तुम्हाला कळवायचं होतं. तब्येत सांभाळा. सुट्टीत दर्शनाला येतो.

तुमचा,
पहिली-दुसरीचा सर