‘धर्मप्रसार’ हा एकच शब्द सगळ्यांना कसा पुरेल?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धर्माविषयीच्या बातम्यांत ‘धर्मप्रसार’ आणि ‘मिशनरी’ हे दोन शब्द सरसकट सगळ्या धर्मांना लावले जातात. आपल्या दैनिकातही ते तसेच येतात, म्हणून हे पत्र. आपली माणसे वाढवणे हेच प्रत्येक धर्माचे जगातले काम आहे आणि फरक फक्त कोण किती जोरात करतो एवढाच, असा समज या शब्दांमुळे होतो. तो चुकीचा आहे.

‘मिशन’ या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थ ‘पाठवणे’. पाठवणारा, जाणारा आणि ज्याच्याकडे जायचे तो, असे तिघे त्यात धरलेले आहेत. ख्रिस्ती धर्मात तिघेही ठळक दिसतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २८ व्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो की जा, सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या. आज्ञा इतकी थेट असल्यामुळे तिच्याभोवती संस्था उभ्या राहिल्या, पगार ठरले, अहवाल लिहिले जाऊ लागले. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८२७ मध्ये सिंथिया फरार आल्या, त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघाले. शाळा, छापखाना, दवाखाना हे सगळे आले, पण वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा लागायचाच आणि अडचणही तिथेच होती. बाप्तिस्मा घेणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जाऊ नये म्हणून सरकारला १८५० चा २१ वा कायदा करावा लागला, यावरून त्या एका विधीची किंमत कळते.

याच परंपरेत आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बसू शकत होते. म्हणजे ख्रिस्ती धर्मातही ‘काम झाले’ असे कधी म्हणायचे, यावर एकमत नव्हते. बातमीत हे कधी येत नाही.

आता याच्या अगदी उलट टोक पाहा. ज्यू धर्मात परक्याला ज्यू करण्याची आज्ञाच नाही. ज्यूंनी ६१३ आज्ञा पाळायच्या; बाकीच्या मानवजातीला नोहाच्या सात पुरतात. मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, व्यभिचार आणि चोरी करायची नाही, जिवंत प्राण्याचा अवयव कापून खायचा नाही आणि न्यायालये स्थापायची. सात पाळणारा बिगरज्यू आहे तिथेच ठीक असतो. कोणी स्वतःहून ज्यू व्हायला आलाच, तर तलमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथाने सांगितलेली रीत अशी : आधी त्याला विचारायचे, तुला कशाला हवे हे? आज इस्राएलचे लोक पीडलेले, गांजलेले आहेत हे ठाऊक नाही का? तो म्हणाला की ठाऊक आहे आणि माझी तेवढी पात्रताही नाही, तर लगेच घ्यायचे. मग काही सोप्या आणि काही अवघड आज्ञा सांगायच्या, पुरुष असेल तर सुंता करायची आणि शेवटी तिघांच्या धर्मपीठासमोर विधिकुंडात बुडी मारायला लावायची. परतवण्यापासून सुरुवात करणाऱ्या या पद्धतीला ‘प्रसार’ म्हणता येत नाही.

कोकणातले बेने इस्राएली ज्यू शनिवारी, म्हणजे आपल्या शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांना त्यांनी शब्बाथ शिकवला नाही, आपला पाळला. गंमत म्हणजे इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांच्याच ज्यूपणावर तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले.

पारशांबद्दल ‘कर्मठ, दार बंद करून बसलेले’ असे बेधडक लिहिले जाते. जरथुस्त्री शिकवणीप्रमाणे माणूस जगात आला आहे तो असत्याविरुद्धच्या लढ्यात अहुर मझ्दाचा सहकारी म्हणून. चांगला विचार, चांगले वचन आणि चांगली कृती ही त्याची हत्यारे. लढाई संपली की सृष्टी नवी, निर्दोष होणार. या कल्पनेत संख्येला काही काम नाही. दार खरेच बंद आहे का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच पत्नीची नवजोत, म्हणजे जरथुस्त्री धर्मात प्रवेशाचा विधी, झाली होती. अशा व्यक्तीचा पंचायतीच्या अग्यारीवर आणि दोखम्यावर (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यावर) हक्क पोहोचतो का, असा तो वाद होता. न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी १९०८ मध्ये मान्य केले की जरथुस्त्री धर्माला धर्मांतर वर्ज्य नाही. पण हे न्यास ज्या ‘पारशी’ समाजासाठी आहेत त्यात धर्मांतरित येत नाहीत. म्हणजे अडले ते धर्मापाशी नाही, वंशापाशी आणि न्यासपत्रापाशी. बातमीदार हे दोन्ही एकत्र घोटतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो तबलीगी जमातीबद्दल. १९२० च्या दशकात मौलाना मुहंमद इलियास यांनी दिल्लीजवळच्या मेवातमध्ये हे काम सुरू केले, ते मुसलमानांमध्ये. नाव मुसलमानाचे, पण कलमाही धड येत नाही, अशा लोकांसाठी. आजही हिशेब तोच आहे : महिन्याला तीन दिवस, वर्षाला चाळीस दिवसांचा एक चिल्ला आणि आयुष्यात एकदा चार महिने. खर्च ज्याचा त्याने करायचा, वळकटी ज्याची त्याने उचलायची, मुक्काम मशिदीत. संध्याकाळी ‘गश्त’ निघते. वाट दाखवायला एक स्थानिक माणूस पुढे असतो, बोलणारा एकच असतो, बाकीचे मान खाली घालून मनात जप करत चालतात आणि मागे मशिदीत काहीजण दुआ करत बसतात. मुसलमानाचे दार ठोठावायचे आणि त्याला नमाजाला बोलवायचे. बिगरमुस्लिमांना इस्लामचे निमंत्रण देणे हाही इस्लाममधला एक प्रवाह आहे, त्याला ‘दावा’ म्हणतात, आणि त्याच्या संस्था वेगळ्या असतात. या दोहोंची गल्लत झाली की तीन दिवसांसाठी गावात आलेल्या जमातीकडे गाव धर्मांतराच्या संशयाने बघू लागते. जमातीवर टीका करायची तर खुशाल करावी. राजकारणाकडे पाठ फिरवते, घर सोडून पुरुषांना लांब नेते, हे आक्षेप मुसलमानांतूनही येतात. पण ती जे करत नाही त्याबद्दल करू नये.

बौद्ध धम्म ख्रिस्ती धर्माइतकाच ‘जा’ म्हणणारा आहे, पण त्याचे ‘जा’ वेगळे. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील महावग्गात बुद्ध आपल्या पहिल्या साठ अर्हतांना, म्हणजे मुक्त झालेल्या शिष्यांना, सांगतो : ‘चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय’, भिक्खूंनो, बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी फिरत राहा. लगेच पुढे व्यवहाराची सूचना आहे, दोघांनी एका वाटेने जाऊ नये. माणसे थोडी, मुलूख मोठा. मग जी अडचण यायची तीच आली. प्रव्रज्या (संन्यास) मागणाऱ्यांना घेऊन भिक्खू लांबलांबून बुद्धाकडे येऊ लागले, दोघेही दमू लागले. तेव्हा तिथल्या तिथे त्रिशरण देऊन संघात घ्या, अशी परवानगी मिळाली. पुढे उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्खू करून घेण्यासाठी, दहा भिक्खूंचा गण लागू झाला. अवंतीसारख्या सीमाप्रदेशात दहा जमवायला सोण कुटिकण्ण या उपासकाच्या उपसंपदेसाठी तीन वर्षे लागली, म्हणून तिथे विनय जाणणाऱ्यासह पाच पुरतील असे ठरले. भिक्खूने जायचे ते लोकांच्या हितासाठी. ऐकणाऱ्याने पूर्वीचे सगळे सोडलेच पाहिजे अशी अट तिथे नव्हती. सुनापरांताकडे निघालेल्या पुण्ण या भिक्खूची कथाही तशीच आहे. तिथले लोक शिव्या देतील, मारतील, तेव्हा काय करशील, हे बुद्धाने त्याला आधी विचारून घेतले. हा प्रदेश अभ्यासक आपल्या सोपाऱ्याशी जोडतात.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात मात्र अट आली, आणि जाणीवपूर्वक आली. बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः, भिक्खू नसलेल्या एका उपासकाने, दीक्षा दिली, २२ प्रतिज्ञांसह. जुना धर्म सोडल्याचा उच्चार त्यात स्पष्ट आहे. इथे धम्माचे काम होते ते जातीतून सुटणे. त्याला ‘धर्मप्रसार’ म्हटले की मुद्दाच हातातून सुटतो.

हिंदू परंपरेत ‘मिशन’ हा शब्द उसना आला, आणि आला तो सेवेच्या अर्थाने. १ मे १८९७ ला विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन स्थापन केले. ब्रीद ‘आत्मनो मोक्षार्थं जगद्धिताय च’, स्वतःच्या मोक्षासाठी आणि जगाच्या हितासाठी. त्यात दुसऱ्याच्या धर्माचा उल्लेख नाही. ऑक्टोबर १९०६ मध्ये महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, त्याचे काम परळच्या शाळेपासून सुरू झाले. मराठीत त्याच संस्थेचे नाव होते निराश्रित साहाय्यकारी मंडळी. शब्द तोच, पण काम शिक्षणाचे आणि अस्पृश्यता काढण्याचे. वारकऱ्यांना तर हा शब्द लागतच नाही. तुळशीची माळ घातली, एकादशी धरली, वारी चुकवली नाही की झाले. माळ घालणारा स्वतः यावा लागतो.

मागणे फार नाही. अशी बातमी हाताखालून जाताना उपसंपादकाने बातमीदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : ही मंडळी जातात कोणाकडे, आणि त्यांच्या लेखी काम झाले असे कधी होते? उत्तर ‘आपल्याच लोकांकडे’ असेल तर ‘धर्मप्रसारासाठी आले’ हे काढून ‘तीन दिवसांच्या जमातीला आले’ असे छापावे. तेवढ्याने मथळा दोन शब्दांनी वाढतो, वाढू द्यावा.

आपला,
धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा एक शिक्षक, पुणे