ते कुंपण नाही, टोपली आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आयर्लंडमधल्या लोप पावत चाललेल्या हस्तकलांचे फोटो पानभर छापलेत, त्याबद्दल आभार. पण मोठ्या फोटोखाली ‘कुंपण विणताना एक वृद्ध कारागीर’ असं वाचलं आणि कालपासून ते डोक्यातून जात नाही. ते कुंपण नाही. ती पाठीवरून पीट (जळणासाठी वाळवलेली दलदलीतली माती) वाहून न्यायची टोपली आहे, क्रील.

क्रील उलटी विणतात. विलोच्या जाड काठ्या जमिनीत रोवायच्या, तोंडाकडून विणत वर यायचं आणि शेवटी त्याच काठ्या वाकवून एकमेकींत गुंफल्या की बूड तयार. मग टोपली उपटून सुलटी करायची. फोटोतले आजोबा बूड वळायच्या बेतात आहेत. सगळं कसब तिथे, आणि शेजारचा फोटो मात्र त्यांच्या सुरकुत्यांचा.

एवढं चिडून लिहितोय, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. कॉनेमारात आमच्या शेजारी असेच एक आजोबा राहायचे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बुरूडकाम, त्यामुळे सुट्टीचा दिवस त्यांच्या अंगणात जायचा. कॅमेरा सोबत असायचाच. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांची नात म्हणाली, बूड कसं वळायचे ते तुमच्या फोटोंवरून शिकते. चाळीसेक फोटो निघाले: चेहरा, टोपी, दारातलं कुत्रं. वाकवताना काठी मोडू नये म्हणून अंगठ्याखाली धरून ते तिला आधी पीळ द्यायचे. तो पीळ एकाही फोटोत नाही. मेयो परगण्यात टर्लो पार्कच्या संग्रहालयात क्रील आहेत, पण त्या तयार झालेल्या.

शिवाय ‘एक वृद्ध कारागीर’ म्हणजे कोण? १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाची माणसं सायकलवरून खेडोपाडी हिंडायची, तेव्हा सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव लिहून घ्यायची. तुमच्या पानावर छायाचित्रकाराचं नाव आहे, आजोबांचं नाही. मोबाइलवरच्या आवृत्तीत तर फोटो असा कापलाय की हातच दिसत नाहीत. हे याआधीही झालंय.

कृपया दुरुस्ती छापा, आजोबांच्या नावासकट. आणि छायाचित्रकारांकडे बूड वळतानाचे पुढचे फोटो असतील तर मला जरूर पाठवा. त्या मुलीने काठ्या कापून भिजत घातल्या आहेत.

– एक वाचक, गॉलवे (आयर्लंड)