रोज रात्रीच्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय संजू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगताना जीभ अडली असती, म्हणून लिहिते. दिवाळीपासून तू रोज रात्री विचारतोस, "आई, बीपीची गोळी घेतली ना?" मी "हो" म्हणते. ते खोटं होतं बाळा. दीड महिना मी गोळीला हात लावला नव्हता.

ती सुरू झाल्यापासून संध्याकाळी घोटे सुजायचे. वावरातून घरी येईस्तोवर चप्पल रुतायची. कापसाचे दिवस, वेचाईचे पैसे किलोवर. जड पायांनी किती वेचणार? म्हटलं, चार दिवस बंद करून पाहू. सूज उतरली. डोकं दुखलं नाही, झोपही लागली. मग गोळी कशाला, असंच वाटलं. पुढची पाकिटं आणायलाही गेले नाही. पैशांचं कारण नाही. सरकारी दवाखान्यात 2023 च्या 15 ऑगस्टपासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. पण ऐन वेचणीत रांगेत उभं राहिलं की रोजी बुडते.

मागल्या मंगळवारी आशाताई मला उपकेंद्रात घेऊन गेल्या. बीपी 172/104, खूपच जास्त. सिस्टरनं थोडा वेळ शांत बसवून पुन्हा मोजला, तरी वरचा आकडा 168. आणि मला तर काहीच होत नव्हतं! तिथंच तुझे आजोबा डोळ्यांपुढे आले. माझ्या बाबांनाही काहीच होत नव्हतं. सकाळी बैल सोडायला गेले आणि गोठ्यातच लकवा मारला. पुढची तीन वर्षं आईनं त्यांना चमच्यानं आंबील भरवली. तू तेव्हा लहान होतास, तुला त्यांचा वाकडा झालेला हात तेवढा आठवत असेल.

मग डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या जुन्या गोळीनं, म्हणजे अ‍ॅम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात, गोळी बदलता येते. मनानं बंद करण्याआधी येऊन सांगायचं. आता टेल्मिसार्टन 40 दिली आहे. गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खात होते, तीही बीपी वाढवते म्हणे. मला कोणी सांगितलंच नव्हतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही आलं. उन्हाळ्यातल्या कुरडयांचे दोन डबे भरलेले आहेत, त्यांचं काय करावं कळत नाही.

गोळीचं पाकीट आता चहाच्या डब्यावर ठेवते. चहा चुकत नाही, तर गोळीही चुकत नाही. पाय हलके आहेत. गोळी हातात घेतली की आपण आजारी माणूस झालो असं वाटायचं, तेही कमी झालंय.

तू "घेतली का" विचारलंस की मला शाळेतल्या मुलीसारखं वाटतं आणि तोंडातून "हो" निघून जातं. त्यापेक्षा "पाय कसे आहेत, काही त्रास होतो का" असं विचार. मग मला खरं सांगता येईल.

आणि तू 34 चा झालास. तिशीनंतर प्रत्येकाचा बीपी मोजतात. आजोबांचं रक्त तुझ्यातही आहे. संक्रांतीला येशील तेव्हा दोघं मिळून उपकेंद्रात जाऊ. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, सोले-भात करीन.

तुझी आई