रंकाळ्याच्या चित्राबद्दल

कोल्हापूर

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

रंकाळा तलावाच्या तुझ्या चित्राचा फोटो मिळाला. तुझ्या आईचा तो गल्लीभर दाखवूनही झाला. संध्यामठाचा दगड झकास उतरलाय. पाण्यातली सावली एकाच फटकाऱ्यात रंगवून सोडून दिलीस, पुन्हा कुंचला लावला नाहीस, हे तर फारच आवडलं. पण पलीकडच्या इमारती कुठं गेल्या गं? मोबाईलचा टॉवर? जलपर्णी? दिवाळीत तू बसली होतीस तिथून हे सगळं धडधडीत दिसतं.

तू म्हणशील, आबालाल रहिमानांच्या चित्रात तरी कुठं आहे हे? अगं, आबालालांनी आपल्यासमोर होतं ते रंगवलं. तू त्यांच्यासमोर होतं ते रंगवतेस!

तेही तुझ्यासारखेच मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि कोल्हापुरात परत आले ते इथलेच होऊन राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. शिकारीची चित्रंही त्यांनी काढली, पण जीव रमला तो कोटितीर्थावर, रंकाळ्यावर, पंचगंगेच्या काठी. टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं पुन्हा एकदा नाक लावून बघ. जवळून नुसते रंगाचे ठिपके, चार पावलं मागं सरलं की पाणी हलायला लागतं.

१९३१ साली ते गेले. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस बांधून पुरा झाला १९३४ मध्ये. आज रंकाळ्याच्या चित्रातून तो गाळायचं कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा तेही नवं बांधकामच होतं की.

आणि कपिलतीर्थ आठव. आपण भाजी आणतो ती मंडई म्हणजे एके काळचं तळं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. पावसाळ्यात तिथं अजून पाणी तुंबतं, तळं आपली जागा विसरलेलं नाही. ही तळी बुजत असताना कुणी काठावर बसून अर्धं पाणी, अर्धा भराव असं चित्र काढलं असतं, तर माझ्या लेखी ते दहा सूर्यास्तांना भारी ठरलं असतं.

टॉवर देखणा नाही, कबूल. मलाही तो डोळ्यांत खुपतो. पण जलपर्णीला जांभळी फुलं येतात तेव्हा ती बघितलीस का नीट? तळ्याचा गळा आवळते आणि वर इतकी सुरेख दिसते, लबाड. हे रंगवणं सोपं नाही, म्हणून तर तुला सांगतोय.

मे महिन्यात आलीस की कोटितीर्थावर बसू. शेजारी शाहू मिल आहे, महाराजांनी १९०६ साली काढलेली, आता बंद पडलेली. चिमणीसकट काढायचं, आधीच सांगतो. येताना जाड कागद तिकडूनच आण, मागं इथून घेतलेला पाण्यानं पापडासारखा वाकला होता. मेसचे पैसे काल पाठवलेत, मिळाले की कळव.

तुझा,
बाबा