आपली वाडी आणि इथलं ऊन

टॉटनेस, डेव्हन, इंग्लंड
१६ मार्च

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही म्हणालात, "एवढ्या लांब जाऊन शेवटी वाडीच लावणार होतीस, तर गुहागर काय वाईट होतं?" तेव्हा हसले नुसती. आता ऐका.

कॉलेजमागे अर्धा एकर कुरण मिळालंय. तिथे खाण्याजोग्या झाडांचं रान उभं करायचंय, मुलांना शिकवायला आणि संशोधनाला. आराखडा माझ्याकडे आला. मी आपली वाडी आठवली: वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरी, मग जायफळ, केळी, अळू. तश्शीच इथली झाडं बसवली. अक्रोड, सफरचंद, हेझलनट, खाली स्ट्रॉबेरी. कागद गच्च! आमच्या बाईंनी काही न बोलता खोडरबर पुढे केलं.

कारण ऊन. या दिवसांत भर दुपारी दहा मीटर झाडाची सावली इथे जवळपास तेरा मीटर पडते, आपल्याकडे जेमतेम साडेतीन. आपण पोफळीच्या रोपांना ऊन लागू नये म्हणून केळी लावतो, आणि मी इथे उन्हासाठी झाडं खोडत बसले. निम्मी गेली. फार जिवावर आलं.

इथून जवळच डार्टिंग्टनला मार्टिन क्रॉफर्ड यांनी १९९४ पासून दोनेक एकरांत असं रान वाढवलंय. शनिवारी पाहून आले. त्यांनी मध्ये मध्ये ॲल्डर लावलेत. आपल्या गिरिपुष्पासारखे तेही जमिनीला नत्र देतात, पण शेंगवर्गातले नव्हेत.

आमच्याकडे एक तुकडा मुद्दाम नुसत्या गवताचा ठेवणार आहोत, तुलनेला. तुम्ही म्हणाल, जागा फुकट घालवली! दोन्हीकडे प्लॅस्टिकचे पेले काठापर्यंत मातीत पुरून त्यात पडलेले भुंगेरे मोजायचे. आणि वाटा एवढ्या रुंद की पंधरा मुलं घोळका करून उभी राहतील. वाडीत आपण दोघं एकामागे एक चालायचो.

आजीला सांगा, ओढ्याकाठी रानलसूण उगवलीय, पानांची शेंगदाणे घालून चटणी केली. पण त्यातच अळूच्या कुळातलं एक विषारी पान येतं. पहिलं पान चुरगळलं की हातालाच लसणीचा वास लागतो, मग वासावर भरवसा नाही. एकेक पान उजेडात धरून शिरा बघते: लसणीच्या सरळ, त्याच्या जाळीदार. दोन मुठी खुडायला पाऊण तास लागला.

तुमची,
चिमी