'सर्व सुवासिनींना' ऐवजी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आपल्या अंकात हळदी-कुंकवाचे फोटो येत राहतात. आमच्या गल्लीतल्या मंडळाची पत्रिकाही परवा दारात आली. 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण.' पत्रिका आणणाऱ्या पोरीच्या लग्नाचे सहा ब्लाऊज मीच शिवले होते. तिनं पत्रिका सुनेच्या हातात दिली आणि माझ्याकडं न बघता, "बरंय काकू," म्हणून गेली.

जयसिंगपुरात तीस वर्षं माझं शिवणकाम आहे. २०१९ साली आमचे मालक गेले. त्या लग्नसराईत नेहमीची गिऱ्हाइकं शालूवरचा ब्लाऊज तेवढा दुसरीकडं टाकायला लागली. बाकीचं सगळं माझ्याकडं. तोंडानं कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. सुनेला पुढं बसवलं. माप तिनं घ्यायचं, कापायचं मी. हुक-काजं, हातशिलाई रात्री दार लावून. धंदा टिकला. याला शहाणपण म्हणायचं की भित्रेपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मे २०२२ मध्ये आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. ते कात्रण माझ्या मशीनच्या खणात आहे. पण आम्ही पडलो नगरपालिकेतले, आम्हाला कुठली ग्रामसभा!

गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नाला कासार घरी आला होता. नवरीचा चुडा झाला, मग बायका एकेक करून हात पुढं करायला लागल्या. मी दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "हात द्या, काकू." खोलीत एकदम चिडीचूप. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ट्रे काढून घेतला. २०१९ ला माझ्या हातातल्या बांगड्या त्यांनीच उतरवल्या होत्या. "भरा की. अडीचच्या बसतील," म्हणाल्या. कात्री धरून माझा अंगठा राठ झालाय. कासारानं तो तळव्याशी दाबून दाबून सहा-सहा चढवल्या. दुसऱ्या दिवशी देवकापाशी मला कुणी बोलावलं नाही, हेही सांगते. पण बांगड्या हातात राहिल्या. मशीन चालवताना वाजतात.

आता मंडळांना एक विनंती. विधवांचा खास सन्मान, शाल, नारळ, स्टेजवर फोटो असलं काही करू नका. २०२३ मध्ये आमच्या नावापुढं 'गंगा भागीरथी' लावायचा विचारही सरकारात निघाला होता. त्यावर टीका झाली ते बरं झालं. फक्त पत्रिकेत 'सुवासिनींना'च्या जागी 'महिलांना' छापा. छपाईला जादा पैसे पडणार नाहीत. आपल्या बातमीतही तोच शब्द घालावा.

यंदा वाण म्हणून स्टीलचे डबे आहेत म्हणे. डबा नसला तरी चालेल, तिळगूळ तेवढा हातावर ठेवा.

— एक शिवणकाम करणारी वाचक, जयसिंगपूर