गरजा आधी विचारा, केंद्रं मग उघडा

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या गावांत मदत केंद्रं सुरू करणार ही बातमी आपल्या पेपरात वाचली, चांगलंच आहे, पण गरजा कोणाला विचारून ठरवल्या ते बातमीत कुठंच दिसलं नाही. दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली माणसं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत, मधल्या काळात सर्व्हे केला तर घरात म्हातारी माणसं अन् लेकरंच भेटणार, मग बायांचं दुखणंखुपणं फॉर्मवर लिहून देणार कोण? किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमलं होतं, त्या बायका लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायच्या. इथंही तेच करा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, ती पावसाळ्यात, सगळे गावात असताना घ्या, आणि मुकादमाला, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला, बाजूला ठेवून घ्या.

- एक वाचक, माजलगाव